जावई नावाची बाटली

आमच्या सरांनी एकदा अमरावतीच्या एका मेडिकलमधून गरोदरपणा तपासायच्या वीस पट्ट्या एकदम विकत घेतल्या. वय तेव्हा पंचावन्नच्या पुढं, दाढी निम्मी पांढरी, दोन्ही मुली सासरी गेलेल्या. दुकानदार ओळखीचा होता. त्यानं पट्ट्या कागदी पिशवीत घातल्या आणि हळूच विचारलं, सर, घरी सगळं ठीक ना? सर म्हणाले, ठीक नाही, ह्यातल्या चार-पाच तरी खराब निघतीन. संध्याकाळपर्यंत ही बातमी कॉलेजच्या कँटीनमध्ये पोचली होती. सरांच्या बायकोला आम्ही चाची म्हणायचो. तिच्या कानावर गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "दूसरी शादी को टाइम लगता बेटा. इनको तो खाना खाने को टाइम नहीं."

दुसऱ्या दिवशी सरांनी त्यातली एक पट्टी वर्गात फोडली. आतला कागद चिमट्यात धरला आणि त्यावरची लाल रेघ दाखवली. म्हणाले, हे सोनं आहे. आम्ही हसलो. सर हसले नाहीत. सोनं खूप बारीक केलं, इतकं की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये, की त्याचा पिवळेपणा जातो आणि ते लाल होतं, हे त्यांनी आम्हाला अर्धा तास समजावलं. त्या बारीक कणांवर एक चिकटणारा पदार्थ बसवतात, तो लघवीतलं नेमकं संप्रेरक धरतो आणि सगळे मिळून एका ओळीत जाऊन बसतात, म्हणून रेघ दिसते. जिच्या गळ्यात नुसती काळी पोत आहे, तिच्याही हातात नर्सबाई सोनंच ठेवते, असं ते म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं की सर, मग ती पट्टी सोनाराकडं मोडता येईल का. सरांनी तो प्रश्न फळ्यावर लिहून घेतला आणि एका पट्टीत किती सोनं असेल त्याचं गणित सगळ्यांकडून करून घेतलं. उत्तर इतकं बारीक निघालं की विचारणाऱ्याचं तोंड पडलं.

सर मूळचे अकोटचे, वाढले अकोल्याच्या सराफ्यात. वडील झारेकरी होते. म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, तो धुवायचा, गाळायचा आणि त्यातलं कणभर सोनं काढायचं, हा त्यांचा धंदा. सर केमिस्ट्रीचे प्राध्यापक झाले तरी हात तेच राहिले. दर शनिवारी प्रयोगशाळा ते स्वतः झाडायचे. शिपायाला झाडू लावू द्यायचे नाहीत. केर डब्यात भरून त्यावर तारीख घालायचे. पाहुणे आले की आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण विभागप्रमुख हातात झाडू घेऊन उकिडवे बसलेले असायचे. सर मुसलमान, त्यांच्यात पुरुष सोनं अंगावर घालत नाहीत. सर म्हणायचे, घालाले मनाई आहे, झाडाले नाही.

त्यांचं एक ठाम मत होतं, ते बापाकडून आलेलं. "सोनं हरपत नाही बेटा. थे कुठी तरी जाऊन बसते. कुठी बसलं, थे पाहणं आपला धंदा." शरीराबद्दलही ते हेच सांगायचे. जगभर लोक बारीक सोन्यावर काम करत होते. कुणी त्याच्या पाठीवर कॅन्सरची दवा लादून गाठीपर्यंत पोचवायचं म्हणत होतं, कुणी गाठीत सोनं सोडून वरून प्रकाश टाकून ती गाठ तापवून मारायची म्हणत होतं. सर ते सगळं वाचायचे, खूश व्हायचे आणि मग पेन्सिलीनं कडेला चार प्रश्न लिहायचे. किती? कोणाले? कुठी बसन? निघन कधी? यकृतात आणि प्लीहेत सोनं महिनोन्महिने बसून राहतं असं उंदरांत दिसलं होतं, ते त्यांना फार लागलं होतं. हे चार प्रश्न ते कँटीनच्या पोह्यांनाही लावायचे. एका लग्नात आशीर्वादाच्या लांबलेल्या भाषणात मोठ्यानं "निघन कधी?" म्हणाले, तेव्हा चाचीनं त्यांना चिमटा काढला होता.

आणि प्रयोगशाळेत एक शब्द बंद होता. औषध. जो बोलेल त्यानं त्या दिवशीची सगळी काचेची भांडी धुवायची. बाहेरून आलेल्यांना ही सरांची लहर वाटायची. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांना समजवायची गरज नव्हती. आमच्याकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात. ती वर्षं फार वाईट होती. वर्गातला एखादा मुलगा अचानक दहा-बारा दिवस यायचा नाही, आणि आला की डोक्यावर केस नसायचे. कुणी काही विचारायचं नाही. "त्याच्या बाबानं औषध घेतलं" एवढं वाक्य पुरायचं. सर म्हणायचे, ज्या शब्दानं माणूस वाचतो का मरतो हे समजत नाही, तो शब्द माह्या लॅबमध्ये नको. दवा म्हणा, गोळी म्हणा, नाव घेऊन म्हणा.

एवढा शब्दांना जपणारा माणूस, पण बाटल्यांवर नावं मात्र नात्यागोत्याची लिहायचा. रजिस्टरमध्ये सगळं नीट, घटक, तारीख, वजन. बाटलीवर मात्र फक्त "मावशी" किंवा "आत्या". मावशी म्हणजे लिंबातल्या आंबटाच्या क्षारात उकळून केलेलं लाल सोनं. शांत, महिना-महिना तशीच राहायची. आत्या चिमूटभर मीठ पडलं की निळी व्हायची आणि तळाला जाऊन बसायची. आणि जावई. जावई तांबूस-तपकिरी होता. त्याला कोमट पाण्याच्या भांड्यात बसवून ठेवावं लागायचं, थंडी लागली की तो गोठायचा, आणि सर येता-जाता विचारायचे, जावईबापू कसे आहेत?

मी वलगावची. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सरांकडं प्रकल्प मिळाला तेव्हा मला महिनाभर पाय जमिनीवर ठेवता येत नव्हते. घरी आई, बाबा आणि मी. आईला सांधेवात होता. सकाळी दहापर्यंत तिची बोटं उघडायची नाहीत. माझी वेणी ती दातात रिबीन धरून, मनगटांनी घालायची, आणि मी ओरडायचे की आई, सैल झाली. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

ग्रंथालयात मला एका जुन्या पुस्तकात सापडलं की सांधेवातावर पूर्वी सोन्याची इंजेक्शनं देत असत. मी धावत सरांकडं गेले. ते म्हणाले, खरं आहे. तो सोन्याचा क्षार होता, कण नव्हे. मोजून द्यायचे, दर वेळी रक्त-लघवी तपासायचे, तरी काहींची किडनी बिघडली, अंगावर चट्टे आले, म्हणून आता त्याहून बऱ्या गोळ्या आल्या आहेत, आईला सांध्यांच्या डॉक्टरकडं ने. मी त्यातलं "खरं आहे" तेवढं ऐकलं. बाकीचं कानावरून गेलं. वीस-बावीस वर्षांची पोरगी, त्यात प्रकल्प मिळालेला, कुणाचं पूर्ण ऐकते?

आणि मी बाटली निवडली ती जावयाची. का, ते सांगायला लाज वाटते. आमच्या घरी जावई आला की दुधावरची साय त्याला. पाटाखाली पाट, बसायला गादी, सगळ्यात चांगलं ते त्याच्या ताटात. मावशी-आत्या कपाटात पडलेल्या आणि हा मात्र कोमट पाण्यात, आल्या-गेल्यानं विचारपूस केलेला. मला वाटलं, हेच सरांचं सगळ्यात अस्सल सोनं. रजिस्टर उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. मी एका लहान बाटलीत थोडा जावई ओतून घेतला आणि ओढणीच्या टोकात बांधला.

पहिल्या दिवशी दुधातून एक चमचा दिला. आईनं तोंड वाकडं केलं, पण काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं दुधात त्याचा गुण कमी होत असेल, म्हणून नुसतेच दोन चमचे दिले आणि मी ऑटोनं कॉलेजात आले. अकरा वाजता ऑफिसातल्या क्लार्कनं बोलावलं. दवाखान्याबाहेरच्या फोनवरून बाबा बोलत होते. आईला उलट्या होऊन राहिल्या, तोंडातून लाळ गळून राहिली, सरकारी दवाखान्यात आणलं आहे, तू ये.

मी सरांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, सर, मी आईले जावई दिला. त्यांना दोन क्षण कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी रजिस्टर काखेत मारलं, स्कूटर काढली. मी मागं बसून देवाची जेवढी नावं ठाऊक होती तेवढी घेत होते.

दवाखान्यात वेगळंच चाललं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरनं बाबांना विचारलं होतं, काय झालं? बाबांनी खरं तेच सांगितलं, औषध घेतलं जी. कोणतं? पोरीनं आणलं होतं. घरी फवारणीचं आहे का? हो, गोठ्यात आहे. बाबा एकेका प्रश्नाचं खरं उत्तर देत गेले आणि आई विष प्यायलेली बाई ठरली. त्या हंगामात त्या डॉक्टरनं अशा किती बाया आणि बापे पाहिले असतील, त्याला दोष कसा देऊ? उलट्या, लाळ, गावाकडची बाई, "औषध घेतलं". त्यानं पोट धुवायची नळी तयार ठेवली होती, विषाच्या उताऱ्याचं इंजेक्शन भरत होते, आणि एक हवालदार वही उघडून बसला होता. आई डोळे मोठे करून त्याला सांगत होती की मी काहून औषध पिऊ, मले पोरीचं लगन पाह्यचं हाये. बोलताना तिच्या ओठांना फेस येत होता.

सर सरळ आत गेले. "डॉक्टरसाहेब, नळी थांबवा. थे शेतीचं नाही. साबणाच्या जातीचं रसायन हाये, त्यात जरासं सोनं. पोट ढवळलं तर फेस होईन, फेस छातीत गेला तर बाई हातची जाईन."

डॉक्टर म्हणाला, तुम्ही कोण?

"थे बनवणारा."

त्यांनी रजिस्टर उघडून पान दाखवलं. डॉक्टरनं वाचलं, इंजेक्शनवाल्याला हात केला आणि विचारलं, किती घेतलं? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. बाबांनीही. मी म्हटलं, एक चमचा. का म्हटलं ते मलाही माहीत नाही. भीतीनं माणूस आकडा कमी करतो.

सर माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली होता. "बेटा, रागावाचं असन तर मी मंग रागावीन. आता खरा आकडा सांग. आकडा चुकला तर इलाज चुकन."

मी सांगितलं. तीन. काल दुधात एक, आज नुसतेच दोन.

डॉक्टरनं वरिष्ठांना फोन लावला. नळी बाजूला ठेवली. आईचं तोंड धुऊन घेतलं, सलाईन लावलं, पोटाच्या अस्तरासाठी इंजेक्शन दिलं, छातीवर लक्ष ठेवायला नर्स बसवली. संध्याकाळी उलट्या थांबल्या. तोंड आतून सोललं होतं, तीन दिवस ती गार दुधावर होती. त्यात मारणारं सोनं नव्हतंच. जावयातले सोन्याचे कण बारीक काड्यांसारखे असतात; त्या घडवायला जे साबणासारखं रसायन लागतं ते त्या काड्यांच्या अंगावर आणि पाण्यातही राहतं, आणि ते जिवंत पेशी फोडतं. म्हणून सर त्याला जावई म्हणायचे. घरात आला की सगळ्यांची झोप उडवणारा आणि नीट कोट, म्हणजे वरचा थर, बदलल्याशिवाय कुणाच्या अंगाला लावायचा नाही असा. हे सगळ्या लॅबला माहीत होतं, मी नवी होते.

डॉक्टरनं जाता-जाता विचारलं की त्या सोन्याचं काय होईल. सर म्हणाले, इतकं थोडं आहे, बहुतेक आतड्यातून निघून जाईल. मग थांबून म्हणाले, "बहुतेक म्हनतो मी. नक्की नाही म्हनत." पुढं सहा महिने ते दर महिन्याला आईला घेऊन यकृताची तपासणी करायला गेले. स्कूटरवर आई मागं एका बाजूनं बसायची आणि पदर दातात धरायची. वलगावात लोक बघायचे. आईला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट ती त्या दिवशी चांगलं लुगडं नेसायची. त्याच फेऱ्यांत त्यांनी तिला सांध्यांच्या डॉक्टरकडं नेलं. साध्या गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या दिवाळीपर्यंत तिची बोटं सकाळी सातला उघडायला लागली.

पण ते नंतरचं. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सर आईच्या खाटेजवळ बसले आणि म्हणाले, माफ करजा बाई, बाटलीवरचं नाव माहं होतं. आईला वाटलं ते माझी तक्रार करायला आलेत. ती सोललेल्या तोंडानं हळू बोलली, "पोरीवर रागावू नका जी. तिनं जीव लावून देल्लं."

"म्हनूनच रागावतो," सर म्हणाले. "जीव लावून देल्लेलं कोणी मोजत नाही."

रागावले ते चौथ्या दिवशी. आरडाओरडा नाही. मला म्हणाले, "आप बैठिए." पहिल्या दिवसापासून बेटा म्हणणारा माणूस एकदम 'आप' म्हणाला. त्यांनी सगळ्या बाटल्या माझ्यासमोर मांडल्या आणि दिवसभर एकेकीवर पूर्ण नाव लिहून घेतलं. आत काय, कणांवर कशाचा थर, कधी केलं, खाली "पोटात घेऊ नये". मावशी गेली, आत्या गेली, जावईही गेला. संध्याकाळी मी शेवटची बाटली ठेवली तेव्हा ते पुन्हा मला बेटा म्हणाले. मी तिथंच रडले. त्यांनी मला फडकं दिलं, ते ॲसिडचं निघालं, मग रुमाल शोधत बसले.

माझा प्रकल्पही त्यांनी बदलला. सोनं कशानं धोक्याचं होतं ते बघ, म्हणाले. उंदीर आम्हाला परवडणारे नव्हते आणि सरांना ते आवडायचेही नाहीत. कांदे घेतले. पाण्याच्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवायचे, मुळं खाली सोनं घातलेल्या पाण्यात. कागद शोधायला आलेल्या शिपायानं विचारलं, इथं भजे कधी लागतात? लाल सोन्यात मुळं वाढली. काड्यांच्या पाण्यात दोन दिवसांत करपली. तेच सोनं चांगलं धुतलं, वर दुसरा सौम्य थर दिला, तर मुळं पुन्हा वाढली. सर नाचायचेच बाकी होते. मग मी लाल सोन्याचं प्रमाण वाढवत नेलं आणि एका टप्प्याला तिथलीही मुळं खुंटली. मला वाटलं माझं काही चुकलं. सर तर अजूनच खूश. म्हणाले, सोनं गरीब आहे असं मानणारे सारे बह्याड, येडे आहेत, त्यात मी बी होतो.

कॉलेजात चौकशी लागली होती. हवालदाराच्या वहीतून ती गोष्ट प्राचार्यांपर्यंत गेली. प्रयोगशाळेतून रसायन चोरणं म्हणजे नाव कापणं, हे मला ठाऊक होतं. मी घरी कुणाला न सांगता होस्टेलच्या मैत्रिणीकडची पुस्तकं परत केली आणि बोलावण्याची वाट पाहत राहिले. बोलावणं आलंच नाही. मी परीक्षा दिली, पास झाले. उन्हाळ्यानंतर सरांकडून विभागप्रमुखपद गेलं, सोन्याची प्रयोगशाळाही गेली, आणि ते निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकलं घेत राहिले. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बेटा, आता डोळे थकले, मोठे आकडेच बरे. मी ते खरं मानलं.

सर जाऊन तीन वर्षं झाली. मी आता त्याच विभागात शिकवते. मागच्या महिन्यात तपासणी समिती येणार म्हणून जुनं कपाट रिकामं करत होते, तर चौकशीची फाइल हाती आली. आत सरांच्या अक्षरातला एकच कागद. "सदर बाटली मी स्वतः विद्यार्थिनीस तिच्या आईसाठी दिली. त्यातील घटकांची तिला कल्पना नव्हती. विद्यार्थिनीची कोणतीही चूक नाही." खाली सही. त्याखाली प्राचार्यांचा शेरा, पद काढून घेण्याचा.

मी फाइल घेऊन चाचीकडं गेले. तिनं चष्मा लावून कागद पाहिला. तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, "बोले थे, लड़की का नाम कट गया तो माँ दूसरी बार मरेगी." मग माझ्या हातातून कागद घेऊन तिनं तो नीट केला, कोपरा मुडपला होता तो, आणि परत दिला. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझं नाव राहिलं, पगार राहिला, आईचा माझ्यावरचा जीव राहिला, ते सगळं ह्या तीन ओळींवर, आणि मी त्या माणसाचे जिवंतपणी धड आभारही मानले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी एक कागद लिहिला. वरील निवेदन खरे नाही. बाटली सरांनी दिली नव्हती. मी न विचारता घेतली होती. दोन दिवसांत तीन चमचे दिले. माझ्या आईचा जीव सरांनी वाचवला. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, सही. क्लार्ककडं नेऊन दिला आणि त्याच फाइलला लाव म्हटलं.

त्यानं वाचला आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, मॅडम, एवढ्या वर्षांनी हे वाचते कोण?

"ज्यानं वाचाले पाह्यजे होतं थो गेला," मी म्हटलं. "तू लाव."